वणव्यापुढचा माणूस आणि त्याच्या अंगावरचे कापड

एप्रिल २०२१ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात वणवा विझवताना तीन हंगामी मजूर होरपळून मरण पावले आणि दोघे गंभीर जखमी झाले. त्यापूर्वी फेब्रुवारी २०२० मध्ये केरळच्या त्रिशूर जिल्ह्यात कोट्टंबत्तूर येथे तीन वनपहारेकऱ्यांचा असाच अंत झाला होता. जून २०२४ मध्ये अलमोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात एका दिवसात चौघे गेले. त्यांत एक बीट अधिकारी होता, एक अग्निरक्षक होता, एक प्रांतीय रक्षक दलाचा जवान होता आणि एक रोजंदार मजूर होता. सेवापुस्तिकेच्या हिशेबाने हे चौघे चार वेगळ्या जगांतले. आगीपुढे मात्र ते एकाच ओळीत उभे होते.

अशा प्रत्येक घटनेनंतर ठरावीक क्रम सुरू होतो. सानुग्रह अनुदान जाहीर होते, चौकशीचे आदेश निघतात, एखाद-दुसरा अधिकारी निलंबित होतो, आणि आपल्यासारख्या पक्षांची व संघटनांची निवेदने तहसीलदारांमार्फत मंत्रालयाकडे रवाना होतात. या निवेदनांत एक मागणी हमखास असते : 'वणवा विझवणाऱ्या मजुरांना फायरप्रूफ सूट द्या.' मागणीमागची कळकळ खरी आहे. परंतु हा सूट कोणत्या कापडाचा, किती जाडीचा, कोणी पारखून निवडलेला, याविषयी निवेदन मौन पाळते. मागणी मोघम असली की तिचा अर्थ लावण्याचा अधिकार आपोआप खरेदी-शाखेकडे जातो, आणि खरेदी-शाखेचा अर्थ निविदेतल्या सर्वांत कमी दराच्या आकड्याशी येऊन थांबतो. दुसऱ्या एखाद्या मागणीच्या बाबतीत हे चालून गेले असते. येथे चुकीचा अर्थ लागला तर सूट घातलेला मजूर सूट न घातलेल्या मजुराइतकाच, कदाचित त्याहून अधिक, धोक्यात येतो. म्हणून हा रूक्ष वाटणारा विषय कार्यकर्त्यांनी थोडा खोलात जाऊन समजावून घेतला पाहिजे.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. शहरातील अग्निशामक जवान पेटलेल्या इमारतीत शिरतो तेव्हा पाठीवर हवेची टाकी असते आणि ती काही मिनिटांत संपते. त्या अल्प काळात त्याच्यावर चहूबाजूंनी प्रचंड उष्णतेचा मारा होतो. त्याचा कोट त्यामुळे तीन थरांचा असतो : बाहेर ज्वालारोधक कापड, मध्ये पाणी व वाफ अडवणारा पडदा, आत उष्णता रोखणारे अस्तर. जंगलातला मजूर सकाळी निघतो तो रात्रीपर्यंत परततोच असे नाही. जाळरेषा साफ करणे, पालापाचोळा ओढणे, हिरव्या फांद्यांनी आग झोडपणे, ब्लोअर खांद्यावर घेऊन टेकडी चढणे, आणि हे सारे एप्रिल-मेच्या विदर्भी उन्हात. त्याच्या कामाचे वर्णन आगीशेजारी केलेली दिवसभराची अंगमेहनत असे करावे लागेल. आगीत शिरण्याचा प्रसंग त्याच्यावर सहसा येऊ नये अशीच कामाची आखणी असायला हवी.

अंगमेहनत करणारे शरीर ही स्वतःच एक भट्टी असते. चढावर जड काम करणाऱ्या माणसाच्या शरीरात चारशे-पाचशे वॉट इतकी उष्णता तयार होते. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात 'प्रोजेक्ट ॲक्वेरियस' या नावाने एक संशोधन झाले. संशोधकांनी वणवे विझवणाऱ्या माणसांना प्रत्यक्ष काम करताना मोजले : त्यांचा घाम, नाडी, शरीराचे तापमान. निष्कर्ष असा निघाला की त्यांच्यावर पडणाऱ्या एकूण उष्णतेच्या भारापैकी सुमारे दोन-तृतीयांश भार त्यांच्या स्वतःच्या श्रमातून येतो. आग आणि हवामान यांचा वाटा उरलेल्या एक-तृतीयांशाचा. यावरून त्यांनी सांगितले की वणव्याच्या पोशाखाचे पहिले काम बाहेरची उष्णता आत येऊ न देणे हे नसून आतली उष्णता बाहेर जाऊ देणे हे आहे. सामान्य समजुतीला हे उलटे वाटेल. पण ज्याने भर उन्हात नांगर धरला आहे किंवा हमाली केली आहे त्याला ते पटवून द्यावे लागणार नाही.

हवा त्वचेपेक्षा तापली की शरीर थंड ठेवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच घाम जाड कोटाच्या आत नुसता ओघळत राहिला तर काहीच नेत नाही. शरीरातले पाणी मात्र संपत जाते. मग डोके जड होते, पाय लटपटतात, निर्णयशक्ती क्षीण होते. वारा फिरला की कोणत्या बाजूला पळायचे हे ज्या क्षणी ठरवायचे असते, नेमक्या त्या क्षणी माणूस बधिर झालेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने १९९३ मध्ये वणव्याच्या पोशाखासाठी शहरी कोटाहून वेगळे मानक काढले, त्याचे कारण हेच होते. कापडातून किती उष्णता बाहेर पडू शकते हे मोजण्याची एक कसोटी या मानकांत पुढे आली. शहरी कोटासाठी किमान मर्यादा चौरस मीटरला २०५ वॉट, तर वणव्याच्या कपड्यासाठी ४५० वॉट : दुपटीहून अधिक. आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटनेनेही २००३ मध्ये वणव्याच्या पोशाखासाठी १५३८४ क्रमांकाचे स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. तेव्हा वर्तमानपत्रांतील छायाचित्रांत चकचकीत रुपेरी सूट घातलेले मजूर एका रांगेत उभे दिसले तर त्यावर समाधान मानू नये. तो पोशाख तेलाच्या टाकीला लागलेल्या आगीपुढे पाच मिनिटे उभे राहण्यासाठी ठीक आहे. नागझिऱ्याच्या टेकडीवर तो अंगावर घेऊन तासभर चालणे म्हणजे उष्माघाताला निमंत्रण आहे.

मग पातळ कपडा हवा. पण कोणताही पातळ कपडा चालेल काय? येथे दुसरा, आणि आपल्याकडे कितीतरी अधिक प्रचलित असलेला धोका सुरू होतो. नायलॉनची साडी नेसून स्टोव्हजवळ जाऊ नये हे महाराष्ट्रातील प्रत्येक घरात आई मुलीला सांगत आली आहे. स्टोव्हच्या भडक्याने जळालेल्या स्त्रियांच्या अंगाला चिकटलेले कापड सोडवताना कातडीही सुटून येते, हे सरकारी दवाखान्यांतील परिचारिकांनी शेकडो वेळा पाहिले आहे. पॉलिएस्टर सुमारे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते, नायलॉनचे काही प्रकार त्याहूनही आधी. वितळलेला थेंब अंगाला चिकटतो आणि चिकटल्यावरही भाजत राहतो. माणसाच्या त्वचेला ४४-४५ अंशांपासूनच वेदना व इजा सुरू होते, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन आकड्यांमधले अंतर किती भयंकर आहे ते कळते. तरीही टिकाऊ, न चुरगळणारे आणि स्वस्त म्हणून टेरीकॉट हेच सरकारी गणवेशाचे लाडके कापड झाले. आणि हंगामी मजुराला तर गणवेशही नसतो. तो बाजारातून आणलेला कृत्रिम धाग्याचा टी-शर्ट, तसलीच पँट आणि पायात प्लॅस्टिकची चप्पल अशा वेषात आगीवर जातो. आगीच्या दृष्टीने यापेक्षा वाईट पोशाखाची कल्पना करणे कठीण आहे. त्याच्या आजोबांचे जाडेभरडे सुती धोतर-बंडी त्यापेक्षा सुरक्षित होते असे म्हणावे लागते, ही आपल्या प्रगतीची एक बाजू.

कापड पेटते म्हणजे काय होते, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. हवेत प्राणवायूचे प्रमाण २१ टक्के असते. साध्या सुती कापडाला जळत राहण्यासाठी सुमारे १८ टक्के प्राणवायू पुरतो. म्हणून ते एकदा पेटले की पेटतच राहते. लोकरीला सुमारे २५ टक्के लागतो. म्हणून घोंगडी सहसा धुमसते, भडकत नाही. धनगराच्या खांद्यावरच्या घोंगडीने कित्येक वेळा पेटलेली गंजी विझवली गेली असेल. ज्वालारोधक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कापडांना २८ टक्के किंवा त्याहून अधिक प्राणवायू लागतो, आणि तेवढा तो हवेत नसतोच. ज्वाळा लागलेली असेपर्यंत असे कापड काळे पडते, कोळसते. ज्वाळा दूर झाली की विझते. 'फायरप्रूफ' या शब्दाने सुचणारे, कधीही न जळणारे जादूचे कापड असा त्याचा अर्थ नाही. ते स्वतः इंधन होत नाही, वितळत नाही आणि माणसाला बाजूला होण्यासाठी काही सेकंद देते; एवढाच, पण मोलाचा, त्याचा उपयोग आहे.

अशा कापडांचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला मार्ग मुळातच न जळणारा तंतू बनवण्याचा. अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीने १९६० च्या दशकात नोमेक्स हा अरामिड जातीचा तंतू बाजारात आणला. वणव्यांपुढे उभ्या असलेल्या अमेरिकन वनसेवेच्या तुकड्या पिवळे सदरे आणि हिरव्या विजारी घातलेल्या दिसतात, ते बहुधा याच जातीच्या कापडाचे असतात. नुसता नोमेक्स तीव्र उष्णतेत आकसून फाटू शकतो, म्हणून प्रचलित मिश्रणात ९३ टक्के नोमेक्स, ५ टक्के केव्हलार आणि २ टक्के स्थितिक विद्युत निवारणारा तंतू असतो. चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम वजनाचे हे कापड हलके असते, काट्याकुट्यांत टिकते, आणि कितीही धुतले तरी त्याचा ज्वालारोधक गुण जात नाही, कारण तो गुण तंतूच्या अंगचाच असतो. त्याचे दोष दोन : ते महाग आहे, आणि घाम टिपण्यात ते सुती कापडाची बरोबरी करू शकत नाही.

दुसरा मार्ग सुती कापडावर स्फुरदयुक्त रसायनांचा संस्कार करण्याचा. ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकात विकसित झालेली प्रोबान ही पद्धत यांत सर्वांत प्रसिद्ध. ऑस्ट्रेलियातील ग्रामीण अग्निशमन दलांनी दीर्घ काळ अशाच संस्कारित सुती कापडावर भिस्त ठेवली, आणि तेथील वणवे काही सौम्य नसतात. हे कापड अंगाला ओळखीचे वाटते, घाम शोषते, अरामिडपेक्षा कितीतरी स्वस्त पडते आणि आपल्या देशातही तयार होते. मात्र तेवढ्याच संरक्षणासाठी ते अधिक जाड घ्यावे लागते आणि फाटते लवकर. ज्वालारोधक व्हिस्कोस, मोडाॲक्रिलिक, संस्कारित लोकर आणि त्यांची अरामिडबरोबरची मिश्रणे हे मधले मार्ग आहेत. त्यांच्या तपशिलात शिरण्याचे येथे कारण नाही.

निवड या दोहोंमध्ये करायची असेल तर प्रयोगशाळेतील आकड्यांइतकाच एक घरगुती प्रश्न विचारावा लागेल : हे कपडे धुणार कोण, कोठे आणि कशाने? परदेशी मानकांत धुण्याच्या सूचना असतात, त्या यंत्रात धुणाऱ्यांसाठी. आपल्याकडे कपडे विहिरीच्या जड पाण्यात, साबणाच्या वडीने, दगडावर आपटून धुतले जातात. जड पाण्यातील चुना आणि साबण यांचा थर संस्कारित सुती कापडावर साचत जातो. तो थर स्वतः जळणारा असतो. ब्लिचिंग पावडरने तर संस्कारच नष्ट होतो. म्हणजे दोन हंगामांनंतर मजुराच्या अंगावर दिसायला ज्वालारोधक पण प्रत्यक्षात साधे सुती कापड असू शकते, आणि त्याला ते ठाऊक नसते. ब्लोअरमध्ये पेट्रोल भरताना उडालेले शिंतोडे हा आणखी एक धोका. तेथे अरामिडदेखील वाचवू शकत नाही. शिवाय धुराने माखलेले कपडे घरी नेऊन मुलाबाळांच्या कपड्यांत धुणे योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमनाच्या व्यवसायाचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात केला आहे. तेव्हा कपड्यांबरोबर वनपरिक्षेत्राच्या ठिकाणी धुण्याची व्यवस्था आणि दरवर्षी तपासणी, हीदेखील मागणीचाच भाग झाली पाहिजे. नुसते कापड मागणे म्हणजे बी मागून पाणी न मागण्यासारखे आहे.

शिवणीकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. उत्तम अरामिड कापड पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवले तर आगीजवळ दोरा वितळतो आणि शिवण उसवते. मानकांत दोऱ्यासाठीही २६० अंशांची कसोटी असते, ती याचसाठी. कपडा सैल हवा, कारण कापड आणि त्वचा यांच्यामधली हवा हेच सर्वांत स्वस्त अस्तर आहे. घट्ट ताणलेल्या गुडघ्यावर आणि खांद्यावरच भाजल्याच्या जखमा आधी होतात. आतले कपडे सुती किंवा लोकरीचे हवेत. वरचे कापड शाबूत राहून आतले नायलॉन वितळल्याची उदाहरणे आहेत. आगीवर जाण्यापूर्वी कपडे भिजवून घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक उष्णता वाहून नेते आणि तापले की वाफ होऊन पोळते, हे त्या मजुरांना कोणीतरी सांगितले पाहिजे. बुटांबद्दल थोडक्यात : घोट्याच्या वर जाणारे, चामड्याचे, नाडीचे. रबरी किंवा प्लॅस्टिकच्या पादत्राणांनी निखाऱ्यांवर चालणे शक्य नाही.

या साऱ्यात कार्यकर्त्याच्या हाती काय आहे? एक काडेपेटी आहे. निविदेत 'शुद्ध सुती' म्हणून आलेल्या कापडाचा एक दोरा उकलावा आणि चिमट्यात धरून पेटवावा. सुती असेल तर तो कागदासारखा जळेल, जळक्या कागदाचा वास येईल आणि मऊ राखाडी राख पडेल. पॉलिएस्टर असेल तर ज्योतीपासून आकसून जाईल आणि टोकाला काळा, कठीण मणी तयार होईल. ज्वालारोधक म्हणून दिलेल्या कापडाची पट्टी उभी टांगून तिच्या खालच्या टोकाला बारा सेकंद ज्योत द्यावी. ज्योत काढल्यावर दोन सेकंदांत ती विझली पाहिजे आणि कोळसलेला भाग दहा सेंटिमीटरच्या पुढे जाता कामा नये. प्रयोगशाळेतील कसोटी याच स्वरूपाची असते. अर्थात मोकळ्या जागेत, पाण्याची बादली जवळ ठेवून हे करावे, आणि प्रयोगशाळेच्या अधिकृत दाखल्याला हा पर्याय समजू नये. परंतु लबाडी पकडायला तो पुरेसा आहे, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात टेबलावर ठेवलेला काळा मणी दहा निवेदनांचे काम करतो.

आता कापडाची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्या अज्ञानाचा फायदा घेणारे आहेत. ३० जून २०१३ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात यार्नेल हिल येथे १९ प्रशिक्षित अग्निशामक एकाच वेळी मरण पावले. त्यांच्या अंगावर ज्वालारोधक कपडे होते. त्यांनी आपले अल्युमिनियमचे आश्रयतंबूही उघडले होते. वारा फिरला, आग दरीत त्यांच्यावर चालून आली आणि त्या उष्णतेपुढे कोणतेही कापड टिकण्यासारखे नव्हते. एकपदरी कापड दूरच्या ज्वाळेची धग, उडालेला निखारा, क्षणभराचा स्पर्श यांपासून वाचवते. आगीच्या लोटात सापडलेल्याला ते वाचवत नाही. तेथे वाचवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत : वाऱ्याची माहिती, टेहळणीवर एक माणूस, पळवाट आधी ठरवलेली, बिनतारी संदेशयंत्र, आणि 'मागे या' असे सांगणारा अनुभवी मुकादम. 'सूट दिला आहे ना, मग जा पुढे' असे म्हणण्याची सोय जर कापडाने अधिकाऱ्यांना करून दिली, तर ते कापड न आलेलेच बरे.

कोणी निवडावे, हा प्रश्न परदेशांतही सुटलेला आहे असे समजण्याचे कारण नाही. शहरी अग्निशामकांच्या कोटातील एका थरासाठी असलेली कसोटी प्रत्यक्षात घातक फ्लोरिनयुक्त रसायने वापरायला भाग पाडते, असा आक्षेप घेऊन अमेरिकेतील अग्निशामकांच्या कामगार संघटनेने मार्च २०२३ मध्ये मानक ठरवणाऱ्या संघटनेवरच न्यायालयात दावा दाखल केला. कापडाचा दर्जा हा तज्ज्ञांनी बंद खोलीत ठरवून मजुरांना कळवण्याचा विषय आहे, हे तेथील कामगारांनी नाकारले. त्याच अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसच्या वणव्यांत कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतील शेकडो कैदी नारिंगी ज्वालारोधक कपडे घालून राबत होते, आणि त्यांची मूळ मजुरी दिवसाला दहा डॉलरच्या आसपास किंवा त्याहून कमी होती. कपडा उत्तम आणि माणूस स्वस्त, असेही होऊ शकते. आपल्याकडे तूर्त दोन्ही बाजूंनी उणेच आहे.

कारण आपल्याकडे खरा पेच कापड कोणते यापेक्षा ते कोणाला, येथे येऊन अडतो. खात्याच्या हिशेबात गणवेश नियमित कर्मचाऱ्याला मिळतो. वणवा विझवणारा मोठा वर्ग मात्र १५ फेब्रुवारी ते १५ जून एवढ्याच काळापुरता कामावर घेतलेला असतो, आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीचे जे गावकरी बोलावले जातात ते तर कोणत्याच पटावर नसतात. १९९० च्या दशकाच्या मध्यास महाराष्ट्राच्या वन खात्यातील रोजंदार मजुरांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खात्याच्या सामाजिक वनीकरणासारख्या कामाला 'उद्योग' मानले आणि मजुरांना वर्षानुवर्षे हंगामी ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. त्या निकालाचा हवाला आपण कायम नोकरीसाठी देतो. सुरक्षिततेच्या मागणीलाही तो तेवढाच लागू पडण्यासारखा आहे. मोहफुले वेचण्यासाठी किंवा तेंदूच्या नव्या पालवीसाठी आदिवासीच जंगले पेटवतात, असे उठता-बसता सांगणारे अधिकारी, ती आग विझवायला त्याच आदिवासींना बोलावतात तेव्हा त्यांना चार महिन्यांपुरता एक सदरा देण्यास नियम आडवा येतो, हे समजण्यापलीकडचे आहे. आणि बायका? आग गावाच्या शिवारापर्यंत आली की फांद्या घेऊन त्याही धावतात, अंगावर कृत्रिम धाग्याची साडी असताना. त्यांच्या मापाचा पोशाख कोणत्याही निविदेत कधी नोंदला गेला आहे काय, हे आपल्या महिला कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात विचारून पाहावे.

पैशाची सबब पुढे केली जाईल. वणवा प्रतिबंध व व्यवस्थापनासाठी केंद्र पुरस्कृत योजना आहे. तिच्यात आपल्यासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के असतो. भरपाई वनीकरणाच्या म्हणजे कॅम्पाच्या निधीतून वणव्यासाठी खर्च करण्याची मुभा २०१८ च्या नियमांत आहे. शिवाय ज्या विदर्भात हे मजूर मरतात तो कापसाचा मुलूख आहे. २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या बंद झाल्या, त्यांत अचलपूरची फिनले मिलही होती, आणि तिच्या कामगारांना पुढे आंदोलने करावी लागली. सरकारी वन खात्यासाठी सरकारी गिरणीत सुती कापड विणून त्यावर संस्कार करून घेणे, हा विचार एखाद्या नियोजनकाराला सुचायला हरकत नव्हती. मी येथे सर्व मजुरांना अरामिड द्या असा हट्ट धरत नाही. आघाडीवर आगीजवळ काम करणाऱ्या कायम पथकांना अरामिड किंवा त्याचे मिश्रण, हंगामी मजुरांना संस्कारित सुती कापडाचे दोन जोड दर हंगामाला नवे, आणि ते येईपर्यंत, उद्यापासून, प्रत्येकाला पूर्ण बाह्यांचा जाड शुद्ध सुती सदरा, सुती पँट आणि चामड्याचे बूट : ही मागणी कोणत्याही अंदाजपत्रकाला परवडण्यासारखी आहे. साधे सुती कापड पेटते, हे वर सांगितलेच आहे. पण ते वितळून अंगाला चिकटत नाही आणि पेटलेले अंगावरून फेकून देता येते. रंग पिवळा किंवा नारिंगी असावा, म्हणजे धुरात माणूस सापडेल.

पुढील हंगामाची खरेदी दिवाळीच्या सुमारास कागदावर येते, त्यामुळे निवेदने मार्चमध्ये देऊन उपयोग नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट आणि सह्याद्रीच्या पट्ट्यातील शाखांनी आपापल्या वनपरिक्षेत्रातील हंगामी मजुरांची बैठक पावसाळ्यातच घ्यावी. गेल्या हंगामात कोण काय घालून आगीवर गेले याची यादी करावी, मापे घ्यावीत, आणि नमुन्याचे सदरे खरेदीपूर्वी त्यांच्यापैकी निदान दहाजणांनी भर दुपारी, ब्लोअर खांद्यावर घेऊन, पूर्ण पाळीभर वापरून पाहिल्याशिवाय पुरवठ्याचा आदेश निघू नये, अशी अट उपवनसंरक्षकांकडून लेखी घ्यावी.